मुरबाडच्या गायी, देवनारचे कृमी, महापेची प्लेट: पर्णकृमीच्या चाचणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यातले मुरबाड आणि शहापूर हे भाताचे तालुके. पावसाळाभर खाचरात पाणी असतं आणि पाऊस थांबला तरी बांधाच्या कडेला, ओहोळात, विहिरीच्या आसपास ते बरेच दिवस साचून राहतं. त्या पाण्यात लिम्निया जातीची गोगलगाय असते आणि तिच्या अंगात फॅसिओला जायगँटिका ह्या पर्णकृमीच्या अळ्या वाढतात. गोगलगायीतून बाहेर पडलेली अळी पाण्याच्या रेषेवरच्या गवताला किंवा भाताच्या धसकटाला चिकटते आणि स्वतःभोवती कवच करून बसते. कापणीनंतर गुरं मोकळी सुटली की हेच धसकट खातात. अळी आतड्याची भिंत फोडून यकृतात शिरते, आठवडेच्या आठवडे यकृत पोखरते आणि शेवटी पित्तनलिकेत मुक्काम ठोकते.

उन्हाळा लागला की गाय खंगायला लागते. केस राठ होतात, दूध आटतं, शेण पातळ होतं, एखादीच्या जबड्याखाली पाणी उतरतं. गावात म्हणतात, चारा कमी पडला. ते खोटंही नसतं, कारण दोन्ही गोष्टी एकाच मोसमात येतात. म्हणूनच हा रोग इतकी वर्षं बिनबोभाट चालत आला आहे.

ह्या भागात दूध गोळा करणाऱ्या एका गटाने नवी मुंबईत महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेला काम दिलं: गायीच्या रक्ताच्या थेंबावर पर्णकृमी ओळखणारी चाचणी तयार करा, पुढे जमलं तर तिची पट्टी करा. प्रयोगशाळा माणसांच्या चाचण्यांचे घटक बनवण्यात मुरलेली होती, गुरांचं काम पहिलंच. मी पशुवैद्यकीय परोपजीवीशास्त्रातला. मधल्या टप्प्यावर मला सल्ल्यासाठी बोलावलं गेलं, तेव्हा त्यांच्या वह्या आणि जेलचे फोटो पाहायला मिळाले. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

अडचण

शेण तपासून पर्णकृमी सापडतो, मग रक्ताची चाचणी कशाला, हा प्रश्न गटातल्याच एका शेतकऱ्याने पहिल्या बैठकीत विचारला होता. प्रश्न रास्त आहे. पण शेणात अंडी यायला संसर्गापासून साधारण तीन ते चार महिने लागतात. यकृताची खरी नासाडी त्याआधी, पिल्लू कृमी पोखरत असताना होते. डिसेंबरात संसर्ग झालेल्या गायीचं शेण जानेवारीत स्वच्छ दिसतं.

दुसरी गोष्ट तपासण्याच्या पद्धतीची. बऱ्याच ठिकाणी मिठाच्या पाण्यावर अंडी तरंगवून तपासतात. गोल जंतांची अंडी त्यात वर येतात, पर्णकृमीची जड अंडी तळाशीच राहतात. त्यासाठी शेण पाण्यात कालवून, गाळून, पुन्हा पुन्हा निवळू द्यावं लागतं. ते केलं तरी तळात दोन प्रकारची अंडी दिसतात. यकृतातल्या फॅसिओलाचं अंडं पित्ताने रंगलेलं, सोनेरी पिवळं असतं. कोटीपोटात, म्हणजे गुराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, राहणाऱ्या दुसऱ्या पर्णकृमींचं, म्हणजे अँफिस्टोमांचं, अंडं फिकट आणि काचेसारखं असतं. मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकला की निळ्या पार्श्वभूमीवर पिवळं अंडं उठून दिसतं. सवयीच्या डोळ्याला हे सोपं आहे; दिवसाला ढीगभर नमुने पाहणाऱ्या, कंटाळलेल्या डोळ्याला नाही.

ह्या अँफिस्टोमांकडे नीट लक्ष द्या. तेही गोगलगायीमार्फतच येतात, त्याच खाचरात, त्याच गवतावर. इथल्या गायीत दोन्ही एकत्र असणं ही रोजची बाब आहे. पुढे सगळं प्रकरण ह्याच गोष्टीवर अडलं.

समोरचे पर्याय

चाचणीसाठी कृमीचं असं एखादं प्रथिन हवं होतं, ज्याच्या विरुद्ध गायीच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात आणि जे दुसऱ्या कृमीत नाही. म्हणजे योग्य अँटिजेन.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे अख्खा कृमी वाटून त्याचा अर्क वापरणं. त्यात शेकडो प्रथिनं येतात आणि त्यातली पुष्कळशी सगळ्या चपट्या कृमींना सामाईक असतात. स्नायूंमधलं पॅरामायोसिन घ्या, ग्लुटाथायोन एस-ट्रान्स्फरेज घ्या. असा अर्क संसर्ग सहसा सोडत नाही, पण भलत्यांनाही पकडतो.

दुसरा मार्ग जिवंत कृमीने बाहेर सोडलेल्या स्रावाचा. कृमी काही तास कोमट द्रावणात ठेवायचे आणि तेवढ्यात त्यांनी जे बाहेर टाकलं तेच घ्यायचं. ह्या स्रावात कॅथेप्सिन एल नावाचं प्रथिनं तोडणारं एन्झाइम भरपूर असतं, वजन सुमारे २८ किलोडाल्टन (प्रथिनं मोजायचं माप). फॅसिओलाच्या निदानासाठी भारतात आणि बाहेर सर्वाधिक भरवसा ह्याच गटावर टाकला गेला आहे. संसर्गानंतर सुमारे महिन्याभरात त्याच्या विरुद्धच्या अँटिबॉडी सापडू लागतात, म्हणजे अंड्यांच्या कितीतरी आधी.

तिसरा, ह्याच कॅथेप्सिन एलचं जनुक जिवाणूत घालून शुद्ध प्रथिन बनवणं. एकदा जमलं की कत्तलखान्याच्या फेऱ्या संपतात आणि प्रत्येक घाण्याला माल सारखाच येतो. चौथा मार्ग वेगळ्याच दिशेचा: रक्तातली अँटिबॉडी न शोधता शेणातला कृमीचा अँटिजेनच शोधायचा. स्पेनमधल्या संशोधकांची एमएम३ ही मोनोक्लोनल, म्हणजे एकाच लक्ष्याला धरणारी, अँटिबॉडी ह्यासाठीच वापरली जाते आणि तिचं लक्ष्यही कॅथेप्सिन एलच आहे.

प्रयोगशाळेने स्राव निवडला. चौथा पर्याय बैठकीच्या टिपणात एका ओळीत संपलेला दिसतो: ‘शेण हाताळणं ग्राहकाला नको आहे.’ हे कारण मला तेव्हाही पुरेसं वाटलं नाही. ज्यांचा दिवस शेणाने सुरू होतो, त्या गोठेवाल्यांना शेण हाताळायला काय अडचण असणार? नको होतं ते महाप्यातल्या प्रयोगशाळेला.

कृमी आणायचे कुठून

गायीचे कृमी गायीच्या यकृतातून घ्यावेत हे सरळ वाटतं. महाराष्ट्रात ते शक्य नाही. १९७६च्या पशुसंरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच, २०१५च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही तीत आले. उरल्या म्हशी-रेडे, आणि देवनारचा महापालिकेचा कत्तलखाना. फॅसिओला जायगँटिका म्हशीतही तोच असतो, तेव्हा अँटिजेनपुरती अडचण नव्हती. अडचण पुढे येणार होती, तुलनेसाठी रक्त लागेल तेव्हा.

देवनारहून महाप्याला कृमी जिवंत पोचवणं हे पहिलं कौशल्याचं काम होतं. तंत्रज्ञ घरून चहाचा थर्मास आणायचा, त्यात कोमट सलाइन. यकृत कापलं की पित्तनलिका चिमटीने पिळायच्या. फॅसिओला लांबट पानासारखा, तपकिरी करडा, घसरत बाहेर येतो. म्हशीच्या त्याच नळ्यांत जायगँटोकोटाइल नावाचे आखूड, जाडसर, गुलाबी कृमीही असतात. ते अँफिस्टोमांचेच भाऊबंद. घाईत एखादा जरी थर्मासात गेला तरी अँटिजेनमध्ये नेमकं तेच मिसळतं जे टाळायचं आहे. तंत्रज्ञाने पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत एकेक कृमी वेगळा करून मगच थर्मासात टाकायची शिस्त लावून घेतली. वहीत प्रत्येक खेपेला किती गुलाबी टाकून दिले ते लिहिलेलं आहे. त्या सगळ्या कामात मला सर्वात आवडलेली नोंद ही.

वाशीच्या खाडीपुलावर गाड्या तुंबल्या की थर्मास निवायचा आणि कृमी मलूल व्हायचे. मेलेला कृमी स्राव सोडत नाही, तो विरघळू लागतो. मग स्राव म्हणून जे हाती येतं ते खरं तर अख्ख्या कृमीचा अर्कच असतं. म्हणून नियम केला, पोचल्यावर हलत नसलेला कृमी फेकायचा. काही खेपा त्यात वाया गेल्या.

कोऱ्या खान्यातला निळा रंग

पहिला स्राव मिळाला, प्लेटला लावला, एलायझा केली. पद्धत नेहमीची: प्लेटच्या खान्यात अँटिजेन चिकटवायचा, त्यावर गायीचं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव), मग गायीच्या अँटिबॉडीला चिकटणारा कॉन्ज्युगेट, शेवटी रंग आणणारं टीएमबी हे रसायन. गायीच्या रक्तात कृमीविरोधी अँटिबॉडी असेल तर खाना निळा होतो.

“मॅडम, ब्लँकला पण रंग आलाय,” तंत्रज्ञ प्रयोगशाळेतल्या मॅडमना म्हणाला.

“टीएमबी जुनं असेल. नवी बाटली फोडा.”

नवी बाटली फोडली. सीरम न घातलेला खाना पुन्हा निळा झाला. धुण्याच्या पाळ्या वाढवल्या, ब्लॉकिंगसाठी दुधाची पावडर बदलली. रंग थोडा फिका झाला, गेला नाही.

मला बोलावलं ते इथे. सीरम नाही, तरी कॉन्ज्युगेट चिकटतोय, म्हणजे त्याला चिकटायला काहीतरी प्लेटवर आधीच आहे. हा कॉन्ज्युगेट गायीच्या अँटिबॉडीला धरतो, आणि म्हशीच्या अँटिबॉडीलाही कमीजास्त धरतोच. कृमी यजमानाच्या यकृतावर आणि रक्तावर जगतो. त्याच्या आतड्यात म्हशीचं रक्त असतं, आणि थर्मासातून द्रावणात टाकल्यावर पहिल्या तासाभरात तो ते ओकतो. पहिला स्राव काळपट येतो तो त्यामुळे. प्रयोगशाळेने तो काळपट भाग मौल्यवान समजून जपला होता, कारण प्रथिनाचं मोजमाप केलं की सर्वात मोठा आकडा त्याचाच यायचा.

ह्यातला धोका निळ्या ब्लँकहून मोठा होता. जेलवर प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी केली की अँटिबॉडीचे दोन तुकडे पडतात, जड साखळी ५० किलोडाल्टनच्या आसपास आणि हलकी २५च्या आसपास. आपण ज्या कॅथेप्सिन एलच्या मागे होतो त्याचा पट्टा २८वर. साध्या जेलवर हे दोन पट्टे जवळजवळ एकमेकांत मिसळतात. प्रयोगशाळेच्या वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे जेलवरचे पट्टे पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने तपासतात त्यावर, ‘आपला पट्टा’ म्हणून पेनाने बाण काढलेला होता. त्या बाणाच्या टोकाशी कृमीचं प्रथिन आहे की म्हशीच्या अँटिबॉडीची हलकी साखळी, हे त्या ब्लॉटवरून सांगताच येत नव्हतं. सीरम न लावता फक्त कॉन्ज्युगेट लावलेली पट्टी शेजारी चालवली असती तर लगेच कळलं असतं. ती चालवल्यावर कळलंच: बाणाच्या टोकाशी दोन्ही होते.

उपाय तीन केले. पहिल्या तासाचं द्रावण सरळ ओतून द्यायचं. उरलेला स्राव अँटिबॉडीला धरणाऱ्या प्रोटीन जीच्या स्तंभातून काढायचा, म्हणजे यजमानाच्या अँटिबॉडी तिथेच अडकतात. प्रोटीन ए प्रयोगशाळेत आधीपासून होतं आणि मॅडमना तेच वापरायचं होतं, पण गायीची आयजीजी१ ह्या प्रकारची अँटिबॉडी त्याला नीट चिकटत नाही, आणि ह्या संसर्गात भर तिच्यावरच असतो. तिसरा उपाय एन्झाइमला गप्प बसवण्याचा. कॅथेप्सिन एल अँटिबॉडी तोडतं. कृमी ते वापरतोच मुळी यजमानाचा मारा चुकवायला. प्लेटवर ते जागं राहिलं तर ज्या अँटिबॉडीला शोधायचं तिलाच खाईल. ई-६४ हे रसायन ते बंद करतं. एरवी स्राव साठवणीत स्वतःलाच पचवतो, तेही त्याने थांबतं.

ब्लँक पांढरे झाले. मॅडमनी फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

निगेटिव्ह कुणाला म्हणायचं

चाचणी कुठल्या आकड्यावर पॉझिटिव्ह ठरवायची ह्यासाठी संसर्ग नसलेल्या गायींचं सीरम लागतं. मुरबाडमध्ये खात्रीने पर्णकृमी नसलेली गाय दाखवा म्हटलं तर पंचाईत होते. प्रयोगशाळेने सोयीचा मार्ग काढला: माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातून खिलार गायींचं सीरम मागवलं. तिथे पाणथळ नाही, गोगलगाय नाही, पर्णकृमी नाही. ह्या सीरमांचे आकडे छान खाली आले. त्यांच्या सरासरीत तीन प्रमाण विचलनं मिळवून रेषा ठरवली. त्या रेषेवर चाचणीची विशिष्टता, म्हणजे संसर्ग नसलेल्या गायीला निगेटिव्हच म्हणण्याची क्षमता, जवळपास निर्दोष दिसली आणि गटाला तसा अहवालही गेला.

मुरबाडचे नमुने लावल्यावर गोठेच्या गोठे पॉझिटिव्ह येऊ लागले. तालुक्यातले पशुवैद्यक फोनवर म्हणाले, “मॅडम, तुमच्या हिशेबाने इथे एकही गाय धड नाही. मी रोज शेण बघतो हो. अर्ध्या गायींत मला फक्त फिकी अंडी दिसतात.”

ह्या एका वाक्यात उत्तर होतं. माणच्या गायींत फॅसिओला नव्हता हे खरं, पण अँफिस्टोमही नव्हते. ज्या परीक्षेत चाचणी नापास होण्याची शक्यता होती, ती परीक्षा तिला दिलीच गेली नव्हती. मुरबाडच्या गायीच्या रक्तात अँफिस्टोमविरोधी अँटिबॉडी भरपूर असतात आणि स्रावातल्या सामाईक प्रथिनांना त्या चिकटतात. त्यात पुन्हा प्रथिनांवरच्या साखरेच्या साखळ्या. त्या कृमीकृमींत बऱ्याच सारख्या असतात. ब्लॉटवर सोडियम मेटापिरियोडेट लावून साखळ्या मोडल्या, तेव्हा अँफिस्टोमवाल्या गायींच्या सीरमने दिसणारे कित्येक पट्टे फिके पडले. २८चा पट्टा मात्र फॅसिओला असलेल्या गायींत टिकला.

चूक किती महागात जाते, ते हिशेबापुरत्या आकड्यांनी पाहू. १००० गायी आहेत, त्यातल्या २०० गायींना खरंच फॅसिओला आहे आणि चाचणी त्यातल्या १८० पकडते. विशिष्टता ९८ टक्के असेल तर उरलेल्या ८००पैकी १६ उगाच पॉझिटिव्ह येतात. पॉझिटिव्ह आलेल्या १०० गायींपैकी सुमारे ९२ खऱ्या. विशिष्टता ८०वर आली तर १६० उगाच येतात आणि खऱ्या उरतात जेमतेम ५३. चाचणी तीच, पण आता तिच्या शब्दावर औषध पाजणं आणि नाणं उडवून पाजणं ह्यांत फारसा फरक नाही.

इथे दोन मतं पडली. मॅडमचं म्हणणं, रेषा वर सरकवू. सोपं होतं, खर्च शून्य. पण रेषा वर नेली की ताज्या संसर्गाच्या, कमी अँटिबॉडीच्या गायी सुटतात, आणि शेणाऐवजी रक्त तपासण्याचं कारणच त्या गायी होत्या. माझं म्हणणं, आधी अँटिजेन बारीक करा आणि खरे निगेटिव्ह मिळवा. रेषेचं मग बघू.

काय केलं

पुन्हा देवनार. आता फक्त कृमी नाही, त्याच म्हशीचं रक्तही घ्यायचं, यकृत उघडून पाहायचं आणि कोटीपोटही उलटून पाहायचं. अँफिस्टोम कोटीपोटाच्या आतल्या केसाळ अस्तराला गुलाबी पुंजक्यांनी चिकटलेले असतात, नजर चुकत नाही. आतड्याच्या सुरुवातीला असलेली त्यांची पिल्लं मात्र चुकतात, म्हणून तो तुकडाही खरवडून पाहिला. सीरमचे चार ढीग झाले: दोन्ही कृमी असलेले, फक्त अँफिस्टोमवाले, फक्त फॅसिओलावाले आणि काहीच नसलेले. शेवटचे दोन लहान राहिले. ते अपेक्षितच होतं.

सर्वात मोलाचा ठरला दुसरा ढीग, फक्त अँफिस्टोमवाल्यांचा. अँटिजेनचा प्रत्येक नवा अंश आधी ह्या सीरमांसमोर उभा करायचा, तिथे गप्प राहिला तरच पुढे न्यायचा, असं ठरलं. स्रावाचे वजनाप्रमाणे भाग पाडले आणि २८च्या आसपासचा भाग सर्वात चांगला ठरला. पूर्ण गप्प नव्हता, पण मूळ स्रावाच्या तुलनेत अँफिस्टोमवाल्यांचा रंग बराच उतरला.

पण ही सीरमं म्हशींची, चाचणी गायींची. कॉन्ज्युगेट दोघींना सारख्या ताकदीने धरत नाही, त्यामुळे म्हशींवर ठरलेली रेषा गायींना लावता येत नाही. म्हणून काम वाटून घेतलं: कोणता अँटिजेन चांगला ते म्हशी सांगतील, रेषा गायी ठरवतील. त्यासाठी मुरबाड-शहापूरच्याच गायी घेतल्या, डांगी, गावठी आणि संकरित सगळ्या, पण ज्यांचं शेण निवळण्याच्या पद्धतीने महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासून फक्त फिकी अंडी सापडली अशाच. एका तपासणीवर विसंबता येत नव्हतं, कारण अंडी न आलेला ताजा फॅसिओला त्यात लपलेला असू शकतो. नैसर्गिक मृत्यू झालेल्या काही गायींचं शवविच्छेदन तालुक्याच्या डॉक्टरांनी करून दिलं. संख्या थोडी, पण गायींच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलेला पुरावा तेवढाच.

जनुकाचा मार्ग दरम्यान समांतर चालू होता. ई. कोलाय ह्या जिवाणूत प्रथिन तयार झालं, पण पेशीत गोळा होऊन बसलं. युरियात विरघळवून पुन्हा घडी घालायचा प्रयत्न झाला. कॅथेप्सिन एलमध्ये घडी धरून ठेवणारे तीन डायसल्फाइड बंध असतात, ते जागच्या जागी जुळले नाहीत तर प्रथिनाचा आकार बिघडतो, आणि गायीची अँटिबॉडी आकार ओळखते. ठळक पॉझिटिव्ह गायींत रंग आला, कमी अँटिबॉडीच्या गायींत गेला. एक फायदा मात्र झाला: जिवाणू त्या साखरेच्या साखळ्या लावत नाही, त्यामुळे अँफिस्टोमवाल्या गायींत हा अँटिजेन सर्वात शांत होता. पिचिया ह्या यीस्टमध्ये बनवून पाहावं असं ठरलं, आणि तिथेच पैसे संपले.

निष्पत्ती

पट्टी झाली नाही. गटाला मिळाली ती एलायझा, २८च्या अंशावर आधारलेली, मुरबाडच्याच गायींवर रेषा बसवलेली. तिचा वापर गोठ्यापुरता ठेवायचं लेखी ठरलं: संक्रांतीच्या सुमाराला गोठ्यातल्या काही गायींचं रक्त घ्यायचं, बऱ्याच पॉझिटिव्ह आल्या तर त्या गोठ्याच्या चराईत फॅसिओला आहे असं धरायचं आणि डॉक्टरांनी औषधाचा निर्णय घ्यायचा. पिल्लू कृमीवर चालणारं ट्रायक्लाबेंडाझोल द्यायचं की फक्त मोठ्या कृमीवर, शिवाय अँफिस्टोमवरही, चालणारं ऑक्सिक्लोझानाइड, हे त्या वेळी कुठला कृमी कुठल्या वयाचा आहे ह्यावर ठरतं. दुभत्या गायीत दुधाचाही विचार येतो. एका गायीच्या एका रिपोर्टवर तिला आजारी ठरवायचं नाही.

ही शेवटची अट का घातली, ते पहिल्याच मोसमात दिसलं. एका शेतकऱ्याने गायीला औषध दिलं, गाय सुधारली, दूध वाढलं. दोनेक महिन्यांनी त्याने हौसेने पुन्हा रक्त दिलं, रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह. “डॉक्टर, औषध बोगस होतं का मशीन बोगस आहे? एकाचं तरी नाव सांगा.” दोन्ही ठीक होतं. कृमी मेल्यावरही अँटिबॉडी कित्येक महिने रक्तात राहतात. रक्ताची चाचणी ‘गाठ पडली होती’ एवढंच सांगते, ‘अजून आहे’ हे सांगत नाही. दूध गटाला नेमकं हेच दुसरं हवं होतं, आणि कामाच्या पहिल्या कागदावर हा फरक कुणी लिहून ठेवला नव्हता. गटाचे कारभारी नाराज झाले. त्यांच्या जागी मीही झालो असतो.

वेगळं काय करता आलं असतं

शेणातल्या अँटिजेनचा पर्याय एका ओळीत सोडायला नको होता. तो जिवंत कृमीचा पुरावा असतो. औषध लागू पडलं की काही आठवड्यांत खाली येतो, त्यामुळे त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं. संसर्गाच्या अगदी सुरुवातीला तो मिळत नाही, कारण कृमी अजून पित्तनलिकेत पोचलेला नसतो; तेवढा काळ रक्ताची चाचणी सरस. म्हणजे हिवाळ्यात गोठ्यासाठी रक्त आणि औषधानंतर गायीसाठी शेण, असं दोघांचं काम आधीच वाटता आलं असतं, आणि स्रावाविरुद्धच्या अँटिबॉडी बनवायला कच्चा माल थर्मासातून येतच होता.

मॅडमचं ह्यावर वेगळं मत आहे आणि ते नोंदवायला हवं. मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवणं, त्यासाठी प्राणी-नीतिसमितीची परवानगी, पेशी सांभाळणं, हे सगळं त्या बजेटमध्ये बसणारं नव्हतं. रक्ताचा मार्ग निवडला म्हणून निदान काहीतरी हाती लागलं. हे मला पटतं. फक्त मग गटाला पहिल्याच दिवशी ‘एक थेंब, एक गाय, एक उत्तर’ असं सांगायला नको होतं.

माणच्या सीरमांबद्दल मात्र आमच्यात दुमत नाही. ती मागवण्यात वावगं काही नव्हतं. नवी प्लेट धड चालते का ते बघायला अशी स्वच्छ सीरमं लागतातच. पण विशिष्टतेचा आकडा त्यांच्यावरून काढून अहवालात छापण्यापूर्वी तालुक्याच्या डॉक्टरांना एक फोन करायचा होता. फिक्या अंड्यांची गोष्ट त्यांनी तेव्हाही सांगितली असती. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, जे १८८६पासून चालू आहे, परोपजीवीशास्त्राच्या कुठल्याही माणसाने हेच पहिलं विचारलं असतं, आणि महाप्याहून परळ काही दूर नाही.

नव्या कामासाठी प्रयोगशाळेने आता फ्रीजरमध्ये वेगळा खण केला आहे. त्यात फक्त अँफिस्टोमवाल्या जनावरांची सीरमं, प्रत्येक नळीवर जनावराची जात, यकृतात काय दिसलं, कोटीपोटात काय दिसलं, आणि पाहिलं कुणी त्याची सही. सही नसलेली नळी वापरायची नाही असा नियम आहे. पिचियाचं काम त्या खणाच्या भरवशावर पुन्हा सुरू करायचं चाललं आहे. ह्या वेळी पैसे देणाऱ्याशी बोलणी करताना चाचणी कशाचं उत्तर देणार नाही, ते पहिल्या पानावर आहे.